नको म्हणायला शिकवणाऱ्या कांबळेबाई

कांबळेबाईंचा आवाज एवढा मोठा होता, की दवाखान्याच्या तळघरात त्यांनी "बसा" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचे भूल उतरत असलेले पेशंट उठून बसायचे. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सिस्टरनं मला सांगितलं, आणि ती खोटं बोलली असेल तर ते पाप तिच्या माथी. मी शाळेत इतिहास शिकवतो. ऐकीव पुराव्यावर माझं घर चालतं.

बाई त्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ होत्या. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलेल्या माणसांना सर्जन डॉक्टर लगेच हात लावत नाहीत. आधी आठ आठवडे वर्गात बसावं लागतं. दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता कोल्हापूर आणि आसपासची आम्ही चौदा माणसं त्या तळघरात जमायचो. वर्ग तळघरात का, तर आम्ही चौघं एका वेळी लिफ्टमध्ये शिरलो की ती वर जायच्याऐवजी विचार करत उभी राहायची. पाचवा शिरला की घंटा वाजायची. शेवटी दवाखान्यानं लिफ्टची बाजू घेतली.

एवढ्या आवाजाच्या बाई अंगानं मात्र सुताच्या कांडीसारख्या. पंख्याखाली उभ्या राहिल्या तर टेबल धरून ठेवायच्या, असं मालूताई म्हणायची. मालूताई म्हणजे गंगावेशीत दूध विकणारी आमची वर्गभगिनी. तिच्या म्हशीसुद्धा तिला वचकून असत. पहिल्या दिवशी बाईंना पाहून ती माझ्या कानात म्हणाली, "मास्तर, ही आपल्याला कमी खायला शिकवणार? हिलाच आधी दोन महिने आमच्या गोठ्यावर ठिवा की."

बाई वर्गाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मध्ये बारा अगडबंब माणसं. तरी तिथूनच बोलल्या, "येतो की मालूताई. पण शेण मी काढणार न्हाय."

मालूताईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग कळलं, की बाई इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या. घराच्या पुढच्या सोप्यात वडिलांचे चार यंत्रमाग. मागाच्या खडखडाटात एकमेकांचं काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली पोरं एक तर ओरडून बोलायला शिकतात, नाही तर समोरच्याचे ओठ वाचायला. बाई दोन्ही शिकल्या होत्या. तोंड आडवं करून पुटपुटलेलंही त्यांना पोचायचं. पाठ फिरवून फळ्यावर लिहीत असल्या तरी मागच्या रांगेत कोण काय कुजबुजलं ते त्या सांगायच्या. चष्म्याच्या काचेत आमची तोंडं दिसत असावीत. दुसरा खुलासा माझ्याकडे नाही.

त्यांची शिकवायची तऱ्हा बघा. पहिल्याच दिवशी टेबलावर चहाचा छोटा ग्लास ठेवला. "हे तुमचं नवीन पोट. आता ह्यात तीन भाकरी, दोन वाट्या आमटी, भाताचा डोंगर आणि वर ताकाचा तांब्या कोण बसवून दाखवतंय? त्याचं ऑपरेशन रद्द. त्याला मी सर्कशीत नेतो." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही येतो-जातो असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

दुसऱ्या गुरुवारी चावायचा तास. प्रत्येकाच्या हातावर एकच शेंगदाणा. तो तीस वेळा चावायचा, मगच गिळायचा. आम्ही शेंगदाणे मुठीनं फस्त करणारी माणसं! आमच्या दातांना एकटा शेंगदाणा कधी भेटलाच नव्हता. सातव्या चावणीला माझा शेंगदाणा संपला, आणि पुढचे तेवीस मी नुसतेच अब्रूसाठी चावले. चौदा जबडे एका तालात चालले तेव्हा वरच्या मजल्यावरून वॉचमन धावत आला. तळघरात जनावरं शिरली, असं त्याला वाटलं होतं.

प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला कबुलीजबाब. "काल काय खाल्लासा? खरं सांगा." माणसं सांगायची, "काय न्हाय बाई, नुस्ता भाकरीचा तुकडा." बाई विचारायच्या, "केवढा तुकडा? नखाएवढा का रानाएवढा?" मग हळूहळू खरं बाहेर यायचं. भाकरीचा तुकडा, त्याच्यासोबत खर्डा, खर्ड्यासोबत दही, दह्यानंतर उरलेली पुरणपोळी, कारण ती वाया जाईल म्हणून. बाई सगळं फळ्यावर लिहायच्या, वाचायच्या आणि पुसून टाकायच्या. रागवायच्या नाहीत. म्हणायच्या, "लाजून खाल्लेलं जास्त अंगाला लागतं. इथं बोलून टाका, मोकळं व्हा." आम्हाला आयुष्यभर रागवणारी माणसं भेटली होती. फळा पुसणारं कुणी भेटलं नव्हतं.

आणि आमची लाज बाईंनी किती मनावर घेतली होती, ते खुर्च्यांच्या प्रकरणात कळलं. व्यवस्थापनानं तळघरासाठी नव्याकोऱ्या लाकडी खुर्च्या आणल्या. दोन्ही बाजूंना हात असलेल्या. मालूताई कशीबशी आत बसली. उठली तेव्हा खुर्चीही तिच्याबरोबर उठली. दारातून औषधांचा माल घेऊन येणारी दोन माणसं खो-खो हसली. जोतिबाच्या यात्रेत पाच सासनकाठ्या एकटीनं पेलीन म्हणणारी मालूताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी खुर्ची ओढून काढली आणि त्या दिवशीचा वर्ग लवकर सोडला. पुढच्या गुरुवारी आम्ही आलो तर चौदाही खुर्च्यांचे हात गायब. जिथं कापले होते तिथं कानशीनं घासून गुळगुळीत केलेलं. व्यवस्थापक लाल होऊन खाली आले. "कुणी केलं हे?"

"मी," बाई म्हणाल्या.

"सुताराला कुणी परवानगी दिली?"

"सुतार कशाला लागतोय? करवत माझ्या बाबांची, हात माझे. अठ्ठावीस कापले. एक कापायला सहा मिनिटं. तुमच्या केबिनमधली खुर्ची पण आणा, तीपण करून देतो."

व्यवस्थापक वर गेले ते आमचा वर्ग संपेपर्यंत पुन्हा तळघरात उतरले नाहीत. केबिनला आतून कडी लावून बसत, असं म्हणतात. मालूताई त्या दिवशी मधल्या खुर्चीवर अशी बसली, की नव्या राजवाड्यातही तसं कुणी बसलं नसेल.

आता तानाजीमामांकडे येतो, कारण बाईंचं खरं माप त्यांच्यामुळे कळलं. तानाजीमामा आचारी. मटणाच्या जेवणावळीत त्यांचं नाव कोल्हापुरापासून निपाणीपर्यंत. वजन एकशे अडुसष्ट किलो. आम्ही सगळे पहिल्यांदा वर्गात आलो होतो, मामा दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी झालं असं, की ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं असतं. त्यानं यकृत आक्रसतं, आणि डॉक्टरांना पोटापर्यंत जायला वाट मिळते. मामांनी ते वचन अक्षरशः पाळलं. दोन आठवडे दाताला दात लावला नाही. फक्त पांढरा रस्सा प्यायले. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ. दिवसाला चार तांबे. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी दुर्बीण आत घातली तर यकृत फणसासारखं सगळी जागा अडवून बसलेलं. होतं तसं शिवून मामांना परत पाठवलं.

मामा शुद्धीवर येऊन म्हणाले, "मी काय चुकलो? रस्सा पातळच हाय की!"

बाईंनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली. "मी पुस्तकातलं बोललो. कोल्हापूरच्या माणसाला पातळ म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?" तेव्हापासून त्यांच्या छापील यादीत सगळ्यात वर, जाड ठशात, हे वाक्य असे: पांढरा रस्सा चालणार नाही. त्याच्या खाली: तांबडाही नाही.

पण डॉक्टरांनी मामांना स्पष्ट सांगितलं होतं. आणखी एकदाच. तेव्हाही यकृत असंच असलं तर पुन्हा हात लावणार नाही. आणि मामांना ऑपरेशन हौसेचं नव्हतं. झोपेत त्यांचा श्वास थांबायचा. नाकाला यंत्र लावून झोपत. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. स्टुलावर बसून स्वयंपाक करत. "हे झालं न्हाय तर माझ्या नातवाला मी फोटोतच दिसणार," असं ते हसत हसत म्हणायचे, आणि आमच्यातलं कुणी हसायचं नाही.

तो नातूच मध्ये आला. मामांच्या लेकीचं सासर कबनूरच्या पलीकडच्या एका गावात. नातवाचं जावळ काढायचा दिवस व्याह्यांनी ठरवला, तो नेमका मामांच्या पातळ आहाराच्या नवव्या दिवशी. रविवार. ऑपरेशन त्यानंतरच्या शुक्रवारी. जावळ म्हणजे शेतातल्या म्हसोबासमोर पोराचे केस काढायचे आणि गावाला मटण घालायचं. आणि मटण कोण करणार? पोर जन्मलं त्याच दिवशी मामांनी शब्द दिला होता, जावळाची चूल माझी.

मामांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनी खडू खाली ठेवला.

"दुसऱ्या आचाऱ्याला सांगा," मालूताई म्हणाली.

"आजा जित्ता असताना दुसरा आचारी? माझी लेक त्या घरात नांदती, बाई."

"तारीख बदलायला सांगा."

"काय कारण सांगू? तिकडं मी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय."

चौदापैकी अकरा जणांनी घरच्या-दारच्यांना काहीतरी वेगळंच सांगितलं होतं. मी शाळेत पित्ताशयाचा खडा सांगितला होता.

बाई म्हणाल्या, "स्वयंपाक करा. तोंडात थेंब घालायचा न्हाय."

"चाखल्याशिवाय?"

"चाखायला मी येतो. साखर उतरली तर बघायला कुणीतरी पाहिजेच. पण मामा, चुलीची मला काळजी न्हाय. पंगतीची हाय."

तिथून पुढचा पाऊण तास जे झालं, त्याला मी नको म्हणायची तालीम म्हणतो. आमच्या मुलखात जेवण नाकारणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना समजायचं नाही. पहिलं नको ही रीत असते. दुसरं नको हा लाडिकपणा समजतात, आणि वाढणारा तेवढ्यात दोन पळ्या वाढून मोकळा होतो. तिसरं नको म्हटलं की तो अपमान. माणसं त्यावरून दहा-दहा वर्षं बोलत नाहीत. बाई झाल्या व्याही. हातात रिकामी पळी. एकेकापुढे जाऊन आग्रह करायच्या. आणि काय आग्रह! "आमच्या घरचं गोड लागत न्हाय व्हय?" "गरिबाचं खाल्लं तर कमीपणा येतोय?" "तुमच्या वयनीनं पहाटेपासून चुलीपाशी डोळं जाळलं, तिला काय सांगू?" त्या रिकाम्या पळीपुढे आमच्यातले नऊ जण हरले. मी तर खरोखर ताट पुढे केलं. हातात ताट नव्हतं, तरी केलं.

"नको म्हटल्यावर हसायचं न्हाय," बाई सांगायच्या. "कारण सांगत बसायचं न्हाय. कारण दिलं की समोरचा त्यातून वाट काढतोय. हात आडवा, नजर सरळ, आवाज बेंबीतून. नको."

मामांना मात्र ते जमेना. "आयुष्यभर लोकांना वाढलंय मी," ते म्हणाले. "हात आडवा कसा करू?"

रविवारी आम्ही सगळेच गेलो. मामांनीच बोलावलं होतं. एवढी माणसं एकदम कुठून आली असं व्याह्यांनी विचारू नये म्हणून मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हे आमचं भजनी मंडळ. वडापच्या, म्हणजे सीट भरली की सुटणाऱ्या, दोन गाड्यांतून आम्ही उतरलो तेव्हा गाड्या वीतभर वर आल्या. मामांचे व्याही शामूआण्णा, स्वतःही काही बारीक नव्हेत, मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते. आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "एवढं भजन म्हणून पण अंग टिकलंय. देवाची किरपा."

बाई पहाटेपासून तिथंच होत्या. गुळाच्या काहिलीएवढ्या तीन पातेल्यांपुढे स्टुलावर मामा, बाजूला हातात वाटी घेऊन बाई. तळघरात आम्हाला थरथरवणारी ती बाई तिथं शाळकरी पोरीसारखी उभी.

"आळणी हाय," बाई चाखून म्हणायच्या. "अजून अर्धी मूठ टाका."

"थांबा. आता टाकलं तर घात हुईल. हाडातलं मीठ अजून सुटायचंय. आवाज ऐका." मामा कान देऊन उकळी ऐकत. "अजून कच्चा बोलतोय."

वाफ अंगावर घेऊन त्यांनी वासावरून मसाला ओळखला, आवाजावरून रस्सा ओळखला. नऊ दिवस ताक, प्रोटीनचं पाणी आणि डाळीची निवळ यावर काढलेला माणूस! समोर तीनशे किलो मटण शिजतंय. मी रस्त्यानं जाताना ज्या वासाला भुललो असतो, त्या वासात ते पाच तास बसून होते. म्हसोबासुद्धा त्या दिवशी वास घेऊन पुढे सरकला होता. सायंकाळी तो जागेपासून दोन बोटं पुढे सापडला, असं गुरव सांगतो.

पोराला त्याच्या मामाच्या, म्हणजे तानाजीमामांच्या मुलाच्या, मांडीवर बसवून जावळ काढलं, ते रडलं, गप्प झालं. आठशे माणसांची पंगत बसली. आणि बाईंना ज्याची भीती होती, ते झालं.

त्या भावकीत एक रीत आहे. पंगतीत पहिला घास पडायच्या आधी पहिली वाटी आचाऱ्यानं सगळ्यांसमोर प्यायची. त्यानं खाल्लं की मग सगळ्यांनी खायचं. शामूआण्णा तांबड्या रश्श्याची काठोकाठ भरलेली वाटी घेऊन आले. वर बोटभर तर्री, तळाला मांडीचा तुकडा.

"घ्या पावणं. पहिली वाटी."

मामांनी हात जोडले. "नको, आण्णा."

"असं कसं? घ्या की."

"नको. खरंच नको." आणि मामा हसले. झालं, आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

आण्णांनी वाटी मामांच्या ओठापर्यंत नेली. मामांनी मान मागे घेतली, चार थेंब सदऱ्यावर सांडले. आण्णांचा चेहरा बदलला. त्यांनी वाटी खाली घेतली आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आचारी सोता तोंड लावत न्हाय. मग आमी का लावावं?"

आठशे माणसांतून एक हात ताटाकडे गेला नाही. मांडवाच्या कडेला मामांची लेक पोराला खांद्यावर घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मामांनी तिच्याकडे पाहिलं. एक वाटी. फक्त एक. एका वाटीनं काय होतंय, असंच त्यांच्या मनात आलं असणार, कारण माझ्या मनात तेच आलं. पण आमच्यातल्या प्रत्येकाला हेही ठाऊक होतं, की आमच्यासारख्यांसाठी एक वाटी असं काही नसतं. एकीमागून दुसरी येते, आणि शुक्रवारी दुर्बीण आत जाते.

मामांनी बाईंकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, आता हा आवाज मांडव उडवणार. पण बाई बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ओठ हलवले, मागावरच्या माणसांसारखे, आवाज न करता. सात आठवड्यांत आम्हालाही थोडंफार वाचता यायला लागलं होतं. त्या म्हणत होत्या, तुमचं तुम्ही बोला.

मामा उठले. त्यांना उठायला वेळ लागे, गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत. सरळ झाले. हात आडवा केला आणि वाटीवर झाकणासारखा ठेवला.

"नको," ते म्हणाले. बेंबीतून.

मग म्हणाले, "आण्णा, माझं हर्नियाचं ऑपरेशन न्हाय. वजनाचं हाय. शुक्रवारी. मागच्या टायमाला मी रस्सा पिऊन ते बिघडवलं. आता बिघडलं तर पुन्यांदा न्हाय. ह्या पोराला शाळेत सोडायचंय मला. म्हणून आज मी चाखलेलं न्हाय आणि चाखणार न्हाय. आणि हे भजनी मंडळ न्हाय. ह्यातल्या एकालाबी टाळ धरता येत न्हाय. ही माझ्यासारखीच माणसं हायत, माझ्यासंगं वर्गात बसत्यात."

मालूताई ताडकन उभी राहिली. मग मी राहिलो. मग सगळेच. का, ते सांगता येणार नाही. पित्ताशयाचा खडा त्या क्षणी माझ्या मनातून पडला.

आण्णा हातातल्या वाटीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मग पहिली वाटी कोण घेणार, पावणं?"

"ह्या बाई. सकाळपासून माझ्या जिभेच्या जागी ह्यांची जीभ हाय. हे जेवण निम्मं त्यांचं हाय."

पंगतीच्या त्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. बाईंना दिसलं.

"कबनूरची, आजोबा," बाई इकडून खणखणीत बोलल्या. "बौद्ध वस्तीतली. कांबळे. घरात चार माग हायत. अजून काय इचारायचंय?"

म्हातारा गडबडला. "न्हाय, न्हाय. बसा की बाई. तुमी बसा."

शामूआण्णांनी त्या म्हाताऱ्याकडे एकदाच पाहिलं. मग वाटी दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली.

बाईंनी रस्सा प्यायला. मग मटणाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावायला लागल्या. आता त्या बाई, त्यांचा नियम तोच. घाई नाही. आठशे माणसं भुकेली, समोर वाफा, आणि ही कांडीएवढी बाई शांतपणे चावते आहे. मालूताईला राहवलं नाही. ती मोजायला लागली, "आठ... नऊ... दहा..." आम्ही तिला सामील झालो. पंधरापर्यंत पोरं आली. विसापर्यंत बायका. पंचविसाला पुढाऱ्यांची रांग. अठ्ठावीस, एकोणतीस, आणि "तीस!" एवढ्या मोठ्यानं झालं, की इचलकरंजीतले माग घटकाभर बंद पडले. बाईंनी गिळलं.

"मीठ बरोबर हाय," म्हणाल्या. "जेवा."

मी पुष्कळ जेवणावळी जेवलोय. अर्ध्या वाटीवर थांबलो अशी ती पहिलीच.

हात धुताना शामूआण्णा बाईंना गाठून आडोशाला घेऊन गेले. मी योगायोगानं तिथंच उभा होतो, म्हणजे मागोमाग गेलो होतो. आण्णा इकडंतिकडं बघून म्हणाले, "मॅडम, माझं एकशे एकेचाळीस हाय. तो वर्ग कवा असतोय?" त्यांच्या मागून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "खोटं बोलत्यात. एकशे सत्तेचाळीस." बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि तिथंच सुरुवात केली. "काल काय खाल्लासा?"

शुक्रवारी आम्ही तेरा जण ऑपरेशनच्या मजल्यावर बसलो होतो. एका खेपेला दोघं-दोघं, असे लिफ्टनं वर आलो होतो. बाई खिडकीपाशी. पहिल्यांदाच त्यांना इतका वेळ गप्प पाहिलं. मामांना आत नेताना त्यांनी विचारलं होतं, "मामा, काही लपवून खाल्लं असेल तर आता सांगा." मामा स्ट्रेचरवरून म्हणाले, "तुमी मोजलेल्या ताकात परवा चार दाणे जिरे टाकले, बाई. तेवढं पुसा."

दीड तासानं सर्जन डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली केला. "यकृत एवढंसं झालेलं. बाजूला सारलं, वाट मोकळी. झालं ऑपरेशन. उत्तम झालं."

मालूताईनं जी आरोळी ठोकली ती इथं लिहिता येत नाही. मी एका अनोळखी वॉर्डबॉयला मिठी मारली, तो बराच वेळ सापडला नाही. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग त्यांना आवाज सापडला. "पेढे कुणी आणले असतील तर आत्ताच्या आत्ता नर्सांना वाटून टाका! पिशवी दिसतीय मला, मास्तर!"

पिशवी माझी होती. वाटून टाकले. एक सोडून, आणि तेही मी पुढच्या गुरुवारी फळ्यावर लिहिलं.

आमची तुकडी एकेक करून ऑपरेशन होऊन पांगली. बाईंना इचलकरंजीत मोठ्या जागेचं बोलावणं आलं आणि त्या तिकडे गेल्या. त्यानंतर मला त्या एकदाच दिसल्या, वर्षभरानं. पंचगंगेच्या पुलाअलीकडे सिग्नलला मी रिक्षात होतो. शेजारी एक जुनी स्कूटी येऊन थांबली. पुढे बाई, आणि मागे मांडीवर गुंडाळलेली सतरंजी घेऊन कुणीतरी गृहस्थ. ओळखायला मला वेळ लागला. सदरा खांद्यावरून ओघळलेला, गालांची हाडं दिसत होती, मिशा होत्या त्यापेक्षा मोठ्या वाटत होत्या.

"मामा?"

"व्हय, मास्तर!" तानाजीमामा ओरडले. "आण्णांच्या गावाला निघालोय! तिथल्या देवळात बाईंचा वर्ग हाय आज. चाळीस माणसं! मला नमुना म्हणून नेत्यात!"

"एकवीस वर्षांनी दुचाकीवर बसलेत," बाई पुढे बघूनच म्हणाल्या, आणि पुलाच्या त्या टोकालाही कळलं असणार. "मघापासून नुस्ते गाणी म्हणत्यात. मामा, सतरंजी नीट धरा, चाकात जाईल!"

सिग्नल सुटला. पुढच्या ट्रकवाल्याला बाईंनी असा काही आवाज दिला की तो स्वतःहून कडेला झाला. स्कूटी पुलाच्या चढाला लागली. मामांनी एक हात सोडून मला उंच करून दाखवला. मी रिक्षातून वाकून बघत राहिलो. चढावर मागचं चाक चेपलं नाही, कण्हलं नाही. साऱ्या जगाच्या गाड्यांची मागची चाकं फिरतात, तसंच ते फिरत होतं.